‘ब्लूनोज’ : एका मासेमारी गलबताचा इतिहास

शिडांच्या शर्यतींच्या इतिहासांत श्रीमंतांच्या क्रीडानौकांचीं नांवें पुष्कळ आढळतात. पोटासाठीं समुद्रावर जाणाऱ्या गलबताचें नांव क्वचितच आढळतें. कॅनडांतील ‘ब्लूनोज’ हा त्यास ठळक अपवाद होय.

इ. स. १९२० मध्यें ‘अमेरिका कप’ची एक शर्यत वारा जोराचा म्हणून तहकूब झाली. वादळांशीं नित्य झुंजणाऱ्या कोळ्यांस याचें हंसूं आलें. त्याच वर्षीं हॅलिफॅक्सच्या ‘हेरल्ड’ पत्राचे मालक विल्यम डेनिस यांनीं मच्छिमार गलबतांसाठीं आंतरराष्ट्रीय चषक ठेविला. मुख्य अट अशी कीं, गलबतानें निदान एक हंगाम तरी खोल समुद्रांत मासेमारी केलेली असावी. पहिला चषक अमेरिकेंतील ग्लॉस्टर बंदराच्या ‘एस्पेरांतो’नें जिंकला.

हा पराभव नोव्हा स्कोशियास झोंबला. विल्यम रूए यांच्या आराखड्यावरून लूनेनबर्ग येथें १४३ फूट लांबीचें ‘ब्लूनोज’ बांधण्यांत आलें व २६ मार्च १९२१ रोजीं तें पाण्यांत उतरलें. चषकावर डोळा होताच. परंतु अट पाळणें भाग होतें. कप्तान अँगस वॉल्टर्स यांनीं उन्हाळ्यांत न्यूफाउंडलंडनजीक कॉड मासे धरले आणि ऑक्टोबरांत ‘एल्सी’स हरवून चषक परत आणला. पुढील वर्षीं ‘हेन्री फोर्ड’चा पराभव झाला.

मात्र कीर्तीबरोबर तंटेही आले. बोस्टनचें ‘मेफ्लॉवर’ क्रीडानौकेसारखें आहे म्हणून त्यास मज्जाव झाला होता. १९२३ मध्यें ‘कोलंबिया’विरुद्धच्या दुसऱ्या शर्यतींत ‘ब्लूनोज’ पुढें आलें. पण तें बोयाच्या चुकीच्या बाजूनें गेल्याचें ठरून विजय रद्द झाला. वॉल्टर्स गलबत घेऊन घरीं परतले व सामना अनिर्णित राहिला. सन्मानासाठीं काढलेल्या शर्यतीला आठ वर्षें खंड पडला. दरम्यान १९२७ च्या ऑगस्टमधील वादळांत ‘कोलंबिया’ सर्व खलाशांसह सेबल बेटानजीक बुडालें. या गलबतांची खरी शर्यत कोणाशीं होती, हें त्या वादळानें दाखविलें.

१९३० मध्यें लिप्टन चषकासाठीं ‘गर्ट्रूड एल. थीबो’नें ‘ब्लूनोज’वर मात केली, १९३१ मध्यें आणि पुन्हां, पांचांपैकीं तीन शर्यती जिंकून, १९३८ मध्यें ‘ब्लूनोज’नें तिचें उट्टें काढलें. पण तोंवर यंत्रांनीं शिडांचा धंदा हिरावून घेतला होता. १९३७ पासून दहा सेंटांच्या नाण्यावर ज्या गलबताचें चित्र झळकत होतें, त्याच्या रक्षणास मात्र नाणीं पुरेशीं जमलीं नाहींत. १९३९ मध्यें वॉल्टर्स यांनीं पदरचे पैसे भरून त्याचा लिलाव टाळला. १९४२ मध्यें तें मालवाहतुकीसाठीं विकलें गेलें, आणि १९४६ च्या जानेवारींत हैतीनजीकच्या खडकावर आपटून बुडालें.

१९६३ मध्यें त्याच गोदींत त्याची प्रतिकृति उभी राहिली. तिच्यावरून मूळ गलबताची आकृति कळते. त्याचा मोठेपणा कळण्यास मात्र एकच गोष्ट स्मरावी लागते : ‘ब्लूनोज’ शर्यतीसाठीं जगलें नाहीं, तें मासे धरून जगलें.