इमारत नसलेलं विद्यापीठ

संलग्न महाविद्यालयं म्हणजे नुसता परीक्षांचा कारखाना, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. खोटी नाही ती. पण पंजाबचा इतिहास वाचला की मी जरा थबकतो.

पंजाब विद्यापीठ १८८२ साली लाहोरला निघालं. फाळणीत लाहोर पलीकडे गेलं. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वर्गखोल्या, सगळं तिकडेच राहिलं. १ ऑक्टोबर १९४७ रोजी पूर्व पंजाब विद्यापीठ जन्माला आलं, पण त्याला ना आवार, ना इमारत. कचेरी सोलनच्या डोंगरात. शिकवण्याचे विभाग होशियारपूर, जालंधर, अमृतसर, दिल्लीत पांगलेले. फौजी भाषेत सांगतो, मुख्यालय एकीकडे आणि पलटणी भलतीकडे!

हे विद्यापीठ तगलं ते महाविद्यालयांच्या जिवावर. होशियारपूरच्या सरकारी महाविद्यालयात अर्थशास्त्राचा विभाग चालला. आता पाकिस्तानात असलेल्या गाह गावचा एक निर्वासित मुलगा तिथे शिकला आणि १९५४ मध्ये एम. ए. झाला. त्याचं नाव मनमोहन सिंग. दिल्लीत कॅम्प कॉलेज निघालं. तिथले तास संध्याकाळी भरत, कारण निर्वासित मुलांना दिवसा नोकरी करून घर चालवायचं असे. परीक्षांचा कारखाना म्हणा हवं तर, पण त्या पोरांच्या हाती पदवी पडली ती यामुळेच.

१९५६ मध्ये मुक्काम चंदीगडला हलला. १९६६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर अमृतसरला १९६९ मध्ये आणि शिमल्याला १९७० मध्ये नवी विद्यापीठं झाली, तशी महाविद्यालयंही वाटली गेली.

आज पंजाब विद्यापीठ लाहोरला आहे आणि चंदीगडलाही. स्थापनेचं साल दोघंही १८८२ च सांगतात.