लोणारची वाट

सुटींत सहल काढावयाची म्हटली म्हणजे शहरांतील घरांतून महाबळेश्वर, माथेरान हीं नांवें आधीं निघतात. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वास्तविक ह्या गांवीं लोक शतकानुशतकें येत आले आहेत. मात्र प्रत्येक काळचा पाहुणा तेथें निराळीच वस्तु शोधीत आला.

पहिला यात्रेकरू. लवणासुर जमिनींतील विवरांत दडून बसला होता; विष्णूनें पायाच्या अंगठ्यानें विवराचें झांकण उडवून त्यास मारिलें; सरोवराचें पाणी हें त्याचें रक्त आणि मीठ हें त्याचें मांस, अशी कथा आहे. गांवांतील दैत्यसूदनाचें शिल्पसमृद्ध देऊळ ह्याच कथेचें. कांठावर गोड्या पाण्याची धार वाहते, आणि तिच्या खालीं खारें सरोवर पसरलेलें. हा विरोध पाहून भाविकांचें मन थक्क झालें असल्यास नवल नाहीं.

दुसरा सरकारी कारभारी. अबुल फजलानें सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-इ-अकबरी’त मेहकर सरकारांतील ह्या स्थळाचा उल्लेख केला आहे. ब्राह्मण ह्यास विष्णुगया म्हणतात, असें तो सांगतो. पण कांच व साबण करण्यास लागणारे क्षार येथें मिळतात आणि उत्पन्नहि बरें येतें, हें नमूद करण्यास विसरत नाहीं. देव आणि दिवाण इतके शेजारीं क्वचितच बसले असतील!

तिसरा शास्त्रज्ञ. १८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें स्थळ पाहिलें. विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद, सभोंवार काळा बेसाल्ट. तेव्हां हें ज्वालामुखीचेंच काम, असें पुष्कळांस वाटणें स्वाभाविक होतें. १८९६ सालीं गिल्बर्ट ह्या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें ॲरिझोनांतील विवराशीं ह्याचें साम्य दाखविलें. पुढें येथें भोकें पाडून खडक तपासले, तेव्हां प्रचंड आघातानेंच बनणारी कांच त्यांत सांपडली, आणि १९७३ सालीं उल्कापाताचा निर्णय प्रसिद्ध झाला. वयाविषयीं मात्र एकमत नाहीं. पूर्वीं तें सुमारें ५२ हजार वर्षें धरीत. २०१० सालच्या मापनानें तें ५ लाख ७० हजारांवर नेलें. अंतर लहान नव्हे!

बेत आंखतांना पावसाळा सरल्यावरचे थंडीचे दिवस निवडावे. आगगाडीनें जालना गांठून पुढें मोटारीनें गेल्यास वाटेंत सिंदखेडराजा, जिजाबाईंचें जन्मस्थान, पाहतां येतें. लोणारास एक पूर्ण दिवस ठेवावा: सकाळीं धार पाहून विवरांत उतरावें, ऊन चढण्यापूर्वीं वर यावें, आणि देवळाचीं शिल्पें दुपारीं निवांत पाहावीं. जून २०२० मध्यें सरोवराचें पाणी गुलाबी झालें, तेव्हां मोठी खळबळ उडाली. तो रंग क्षारप्रिय सूक्ष्म जीवांचा, असें पुण्याच्या आघारकर संस्थेंत आढळलें. त्याच वर्षीं सरोवर रामसर यादींत आलें.

उतरतांना एखादा खडा खिशांत घालण्याचा मोह मुलांस आणि वडिलांसहि होतो. तो आवरावा. २००० सालापासून हें अभयारण्य आहे, आणि ज्या दगडांनीं ज्वालामुखीचा वाद मिटविला त्यांचे भाऊबंद अद्याप त्याच उतारावर पडलेले आहेत.