युद्धोत्तर बांगलादेशातील अन्नसाहाय्य आणि १९७४ चा दुष्काळ : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :

१६ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेश स्वतंत्र झाला, तेव्हा नव्या राष्ट्रासमोर उपासमारीचे संकट उभे होते. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने किनारपट्टी उद्ध्वस्त झाली होती, तर युद्धकाळात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. प्रस्तुत निबंधात या देशाला मिळालेल्या अन्नसाहाय्याचा आणि १९७४ च्या दुष्काळातील त्याच्या मर्यादांचा आढावा घेतला आहे.

मदतकार्य व वाहतुकीची समस्या :

संयुक्त राष्ट्रसंघाने या देशात व्यापक मदतकार्य हाती घेतले आणि ते डिसेंबर १९७३ पर्यंत चालविले. प्रारंभी धान्य मिळविण्याइतकाच ते पोहोचविण्याचा प्रश्नही बिकट होता. चितगाव बंदरात सुरुंग पेरलेले होते व बुडालेल्या जहाजांमुळे जलमार्ग अडला होता. तो मोकळा करण्याचे काम सोव्हिएत नौदलाने केले. पद्मा नदीवरील हार्डिंज पूल १९७२ मध्ये दुरुस्त होईपर्यंत लोहमार्गाने होणारी वाहतूकही खंडित होती. भारतानेही १९७२ मध्ये बांगलादेशास धान्य पुरविले. त्याच वर्षी महाराष्ट्र स्वतः भीषण दुष्काळाला तोंड देत होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

१९७४ चा दुष्काळ :

१९७४ च्या पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेला महापूर आले. शेतीची कामे थांबल्याने शेतमजुरांचा रोजगार बुडाला आणि तांदळाचे भाव वेगाने चढले. रंगपूर, मैमनसिंग व सिल्हेट हे जिल्हे सर्वाधिक होरपळले. याच सुमारास अमेरिकेने सार्वजनिक कायदा ४८० खालील धान्य रोखून धरले. बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली, हे त्याचे कारण होते. बांगलादेशाने ही निर्यात थांबविल्यावर धान्य मोकळे झाले, परंतु ते पोहोचेपर्यंत दुष्काळाचा सर्वांत कठीण काळ उलटून गेला होता.

सरकारने सुमारे सहा हजार लंगरखाने उघडले. तेथे एका वेळी ४० लाखांहून अधिक लोकांना शिजविलेले अन्न मिळत असे. मृतांचा सरकारी आकडा २६ हजारांच्या आसपास होता. अन्य अंदाज मात्र १५ लाखांपर्यंत जातात.

वितरणातील विषमता :

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की, १९७१ ते १९७५ या काळात दरडोई धान्य उपलब्धता १९७४ मध्येच सर्वाधिक होती. म्हणजेच देशात धान्य असूनही ते विकत घेण्याची ऐपत मजुरांकडे उरली नव्हती. त्यातच शिधावाटप व्यवस्थेचा कल शहरांकडे होता. शहरी ग्राहक, सरकारी कर्मचारी, पोलीस व लष्कर यांना स्वस्त धान्याची हमी होती, तर ग्रामीण भूमिहीनांच्या वाट्याला अनियमित व अपुरा पुरवठा येत असे. परदेशातून आलेले धान्य याच मार्गाने वाटले जात असल्याने साहाय्याचा मोठा भाग सर्वाधिक गरजूंपर्यंत पोहोचला नाही. नवे सरकार शहरी वर्गाचा रोष पत्करण्यास धजावत नव्हते, हेही त्यामागील एक कारण मानावे लागते.

याउलट, १९७२-७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर मजुरी देऊन लोकांची क्रयशक्ती टिकविण्यावर भर देण्यात आला. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. दोन्ही प्रदेशांची राजकीय व प्रशासकीय परिस्थिती भिन्न असल्याने ही तुलना मर्यादित अर्थानेच ग्राह्य धरता येते.

निष्कर्ष :

१९७४ नंतर बांगलादेशात 'कामाच्या बदल्यात धान्य' आणि दुर्बल घटकांसाठीच्या अन्नयोजनांना महत्त्व आले. १९९२ मध्ये ग्रामीण शिधावाटप बंद झाले व १९९३ मध्ये 'शिक्षणासाठी अन्न' हा कार्यक्रम सुरू झाला. बंदरात उतरलेल्या धान्याच्या टनांवरून साहाय्याचे यश मोजता येत नाही, हा धडा या धोरणबदलामागे होता. देणाऱ्या राष्ट्राचे राजकारण आणि घेणाऱ्या राष्ट्रातील सत्तासंबंध यांचा विचार केल्याशिवाय अन्नसाहाय्याचा इतिहास पूर्ण होत नाही.