बुळकांडी आणि गुरांचा दवाखाना

तालुक्याच्या गांवीं जो गुरांचा दवाखाना असतो, त्याकडे शहरवासी माणसाचें लक्ष सहसा जात नाहीं. पत्र्याची एक ओसरी, अंगणांत जनावर अडकवून उभें करण्याचा खोडा, फिनेलचा वास आणि टेबलावर एक जाडजूड नोंदवही, एवढीच त्याची दौलत. सकाळीं दार उघडण्यापूर्वींच दोन-चार बैल बाहेर उभे असतात. कोणाला जुंवानें खांदेसूज आलेली, कोणाच्या खुरांत कांटा मोडलेला. ओला चारा अधाशीपणें खाऊन एखाद्या गाईचें पोट फुगलें असेल, तर मात्र रांग मोडावी लागते. डावी कूस ढोलासारखी ताणली कीं थोड्याच वेळांत जनावराचा श्वास कोंडतो. तेथें पोकळ नळी खुपसून वायु सोडावा लागतो. हें काम एकट्या डॉक्टराचें नव्हे. दोरखंड टाकून बैल पाडणारा, शिंगें आवळणारा, पाय धरणारा असे तिघे तरी पाहिजेत, आणि ते बहुधा जनावराच्या धन्याच्या घरचेच असतात.

अशी व्यवस्था आपल्याकडे फार जुनी नाहीं. शालिहोत्राच्या नांवावरून सालोत्री हा शब्द आपल्या भाषेंत आला खरा. परंतु सालोत्री मुख्यतः घोड्यांचा वैद्य. घोडा सरदाराचा होता, बैल कुणब्याचा होता! बैलाच्या वांट्यास गांवच्या जाणत्याचा झाडपाला आणि तापल्या लोखंडाची डागणी एवढेंच आलें. परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय निघालें व १८८६ सालीं तेथेंच मुंबईचें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें, तेव्हां या प्रांतांत शिकलेल्या पशुवैद्यांची परंपरा सुरू झाली.

त्यांच्यापुढें पहिला प्रश्न होता बुळकांडीचा. आधीं ताप, मग तोंडांत फोड, डोळ्यांतून पाणी, शेवटीं असा ढाळ कीं आठवडा-दीड आठवड्यांत जनावर आडवें होई. ऐन पेरणीच्या तोंडावर जोडी गेली म्हणजे त्या घराचें वर्ष गेलें, आणि पुढलें वर्ष सावकाराकडे गेलें. या व अशा रोगांच्या अभ्यासासाठीं १८८९ सालीं पुण्यास सरकारी प्रयोगशाळा उघडली. पण असले जंतु दाट वस्तीजवळ हाताळणें धोक्याचें, म्हणून १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. १८९७ सालीं रॉबर्ट कॉख यांनीं तिला भेट दिली. पुढें तेथें रक्तद्रवाची लस तयार होऊं लागली.

शेतकरी लस टोंचून घेईना, रोग लपवी, डॉक्टर आला कीं गुरें रानांत हांकून देई, असें जुन्या मंडळींकडून ऐकूं येतें, व त्याचें खापर अडाणीपणावर फोडण्याची चाल आहे. मला तें सर्वस्वीं मान्य नाहीं. नुसत्या रक्तद्रवाचें संरक्षण थोड्याच दिवसांचें असे; सांथ लांबली कीं टोंचलेलें जनावरही दगावे. संरक्षण टिकावें म्हणून रक्तद्रवाबरोबर रोगाचें जिवंत रक्तही टोंचीत. धडधाकट बैलाच्या अंगांत जाणूनबुजून रोग घालूं देण्यास केवढी छाती लागत असेल! ज्याची सारी मिळकत दावणीला दोन बैल एवढीच, त्यानें शंका घेतली तर त्याला मूर्ख म्हणावें काय?

हा पेंच सोडविला शेळीनें. मुक्तेश्वरास एडवर्डस् यांनीं १९२० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, हा विषाणू शेळ्यांच्या शरीरांतून पुनःपुन्हा नेला म्हणजे आपल्या मैदानी गुरांस तो फारसा बाधत नाहीं, आणि संरक्षण मात्र दीर्घकाळ टिकतें. संकरित व कांहीं डोंगरी जातींच्या गुरांना तीही लस जड जाई. एका टोंचणींत जन्माचें संरक्षण देणारी सौम्य लस प्लौराइट यांनीं केनियांत सिद्ध केली ती १९६० च्या सुमारास. आपल्याकडे निर्मूलनाची देशव्यापी मोहीम १९५४ पासून चालू होतीच. महाराष्ट्रांत १९६२ सालीं जिल्हा परिषदा आल्या आणि तालुक्यांतील पुष्कळसे दवाखाने त्यांच्याकडे गेले. भारतांतील शेवटची नोंद १९९५ ची. त्यानंतर लस टोंचणें बंद करून नुसता शोध घ्यावा लागला, कारण टोंचलेल्या जनावराचें रक्त तपासून खरा रोग ओळखतां येत नाहीं. २००६ सालीं भारत, आणि २०११ सालीं सारें जग बुळकांडीमुक्त ठरलें. मनुष्याच्या देवीनंतर पृथ्वीवरून उखडलेला हा दुसराच रोग. परंतु देवी गेल्याचें जितकें कौतुक झालें, त्याचा शतांशही याचें झालें नाहीं.

घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत हे अजून आहेतच, आणि पावसाळ्यापूर्वीं टोंचणीसाठीं खोड्यापुढें गुरांची रांग लागतेच. २०२२ सालीं लम्पी चर्मरोगाची सांथ महाराष्ट्रांत पसरली, गुरांचे बाजार बंद झाले, तेव्हां गाई-बैलांना जी लस टोंचली ती शेळ्यांच्या देवीची होती.