गाजरगवताचे जैविक नियंत्रण : विद्यार्थी-प्रशिक्षण (मोहोळ, जि. सोलापूर)

परदेशातून आलेल्या तणाला त्याच्याच मायदेशातल्या किडीने आवर कसा घालायचा, याचे प्रात्यक्षिक शिक्षण. महाराष्ट्रात त्याचा मुख्य विषय गाजरगवत (काँग्रेस गवत, चटकचांदणी). ते शिकतात आणि गावाला शिकवतात ते ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात राहणारे कृषी पदवीचे विद्यार्थी, म्हणजे कृषिदूत आणि कृषिकन्या.

हे अमेरिकी तण भारतात १९५५ साली पुण्यात प्रथम लक्षात आले. एका झाडाला दहा हजारांहून अधिक बी येते, शिवाय अंगाला लागले की खाज सुटते. त्यावरचा मेक्सिकन भुंगा (झायगोग्रामा बायकलराटा) १९८३ मध्ये बंगळूरला आणला गेला आणि पुढच्या वर्षी सोडला गेला.

भुंगा जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा, मळकट पांढरा, पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. मादी पानाखाली अंडी घालते. पिवळसर अळ्या आधी शेंड्याचा कोंब फस्त करतात, मग पाने, आणि कोषासाठी मातीत उतरतात. भोके पाडलेल्या डब्यात पाल्यासकट भुंगे गोळा करायचे नि हेक्टरी पाचशेच्या हिशेबाने सोडायचे, हे तासाभरात शिकता येते. कुठे आणि कधी सोडायचे, हा खरा अभ्यास.

मोहोळच्या कृषी संशोधन केंद्राचे नाव मालदांडी ज्वारीशी जोडलेले आहे. या रब्बीच्या मुलखात पावसाळ्यात रान मोकळे असते आणि त्यात कुळवाच्या पाळ्या चालू असतात. तिथे भुंगे सोडणे फुकट. बांध, गायरान, रस्त्याची कड हीच त्यांची जागा. पहिल्या चांगल्या पावसाने भुंगे मातीतून वर येतात आणि हिवाळ्यापासून पुन्हा मातीत सुप्त राहतात. कार्यानुभवाचा काळ पावसाळ्यातच येतो, हे सोयीचे. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने होणारा गाजरगवत जागृती सप्ताहही १६ ते २२ ऑगस्टचा. मात्र नुसती फेरी काढून फोटो घेतले, की भुंगा फलकावरच राहतो.

‘हा उद्या पिकावर बसला तर?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. नव्वदीच्या सुरुवातीला भुंगे सूर्यफुलावर दिसले आणि मोठा वाद झाला. पानांवर पडलेल्या गाजरगवताच्या परागांमुळे ते तिकडे वळले, असे तपासात आढळले. विद्यार्थ्याला हे उत्तर पाठ नव्हे, समजलेले हवे.

भुंग्याची मर्यादाही सांगावी लागते. उजनीच्या कालव्याकाठी ओल असली की गाजरगवत हिवाळ्या-उन्हाळ्यातही वाढते, तेव्हा भुंगा झोपलेला असतो. ते हातमोजे घालून, फुलोऱ्याआधी मुळासकट उपटावे लागते.