अक्षरमालिकांचा जोड आणि संकलक : एका छुप्या व्ययाचा इतिहास

कल्याणजवळ उल्हास नदीच्या काठी वसलेल्या मोहने ह्या गावाचे नाव संगणक पाच चिन्हांत साठवितो : म, ओकार, ह, न आणि एकार. यूटीएफ-8 ह्या लेखनपद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे एवढ्याशा नावाला पंधरा. हेच नाव एकापुढे एक असे हजार वेळा जोडले, तर पाच हजार चिन्हांची मालिका सिद्ध होते. परंतु प्रत्येक जोडाच्या वेळी जुनी मालिका तशीच ठेवून तिची वाढीव प्रत नव्याने करण्याची रीत असेल, तर यंत्राला एकूण 25,02,500 चिन्हे उतरून काढावी लागतात. पोथीत एक शब्द वाढविण्यासाठी लेखनिकाने सारी पोथी पुन्हा नकलून काढावी, तसाच हा प्रकार होय.

भाषाभ्यासकाला येथे संधीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. संधीत वर्ण सन्निध येताच त्यांचे रूप पालटते. यंत्रातील जोडात साठविलेली चिन्हे पालटत नाहीत. हलन्त क् पुढे ष आला, तर पडद्यावर क्ष उमटतो खरा, पण स्मृतीत तिन्ही चिन्हे होती तशीच राहतात. साम्य आहे ते वरवरचे. व्यय कोठे होतो हा प्रश्न वैयाकरणाला कधी पडलाच नाही, कारण त्याच्या पाठाला जागा लागत नव्हती.

जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1957 मध्ये सिद्ध केलेल्या फोर्ट्रानचा संकलक मुख्यतः अंकगणितासाठी होता. अक्षरमालिकांना खरे स्थान मिळाले ते 1962 मध्ये बेल प्रयोगशाळेत निर्माण झालेल्या स्नोबोल ह्या भाषेत. तीत जोडासाठी वेगळे चिन्हच नव्हते. दोन मालिका मध्ये मोकळी जागा सोडून शेजारी लिहिल्या की झाला जोड! लेखन इतके सुलभ झाले, की त्यामागील श्रम दिसेनासे झाले.

जावा भाषेत अक्षरमालिका एकदा निर्माण झाली की अविकारी असते. म्हणून तिचा संकलक अधिकचिन्हाचे रूपांतर प्रथम ‘स्ट्रिंगबफर’मध्ये व 2004 पासून ‘स्ट्रिंगबिल्डर’मध्ये करीत असे, 2017 च्या नवव्या आवृत्तीत ही निवड प्रत्यक्ष आज्ञावली चालू असतानाच्या काळावर सोपविण्यात आली. भरत आलेली जागा दर वेळी दुप्पट करीत गेल्यास वरील उदाहरणातील नक्कल पंधरा हजार चिन्हांच्या आत आटोपते. मात्र आवर्तनाच्या आत लिहिलेला जोड प्रत्येक फेरीला नवी मालिका मागतो, आणि हा सारा लाभ तेथे नाहीसा होतो.

मग संकलकाने स्वतः होऊन तो जोड का सुधारू नये? ह्या प्रश्नाचा संबंध मुंबईतील पवई येथे झालेल्या कार्याशी पोहोचतो. तेथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत धनंजय धामधेरे यांनी मोरेल व रेन्व्हाज ह्या फ्रेंच संशोधकांच्या 1979 च्या पद्धतीचे व्यावहारिक रूपांतर 1991 मध्ये प्रसिद्ध केले. एकच गणित पुनःपुन्हा होत असल्यास ते योग्य जागी हलवून अनावश्यक आवृत्ती टाळावी, हा तिचा गाभा. पण येथे ती लागू पडत नाही, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे : प्रत्येक फेरीत मालिका बदललेली असते, म्हणून गणित दिसावयास सारखे असले तरी तेच नसते.

येथे प्रश्न वेगळा आहे : जुनी मालिका पुढे कोणी वाचणार आहे काय? पायथनच्या 2004 मधील 2.4 ह्या आवृत्तीने त्याचे उत्तर आज्ञावली चालू असताना शोधले. मालिकेकडे निर्देश करणारा एकच असेल, तर ती जागच्या जागी वाढवावी. आज्ञावली चालण्यापूर्वीच ते सिद्ध करणे फार कठीण. उदय खेडकर, अमिताभ सन्याल व अमेय करकरे यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात स्मृतीतील कोणते निर्देश पुढे उपयोगात येतील, हे आलेखांच्या साहाय्याने ठरविले आहे. त्यांचा हेतू निरुपयोगी स्मृती लवकर मोकळी व्हावी हा होता, अक्षरमालिकांचा जोड हा नव्हे. तथापि विचारलेला प्रश्न तोच आहे. एखादा निर्देश अन्यत्र गेला असण्याची शंका उरली, तर संकलकाला जुनी मालिका जपावीच लागते. आणि म्हणून आवर्तनाबाहेर बिल्डर मांडून ठेवण्याचे काम जावाच्या आज्ञावलीकाराला आजही बहुधा स्वतःच करावे लागते.