जपानमध्ये केस कापायचे तर...

माधवनगर (जि. सांगली) : गावातल्या ओळखीच्या सलूनमध्ये खुर्चीवर बसले की फारसे बोलावे लागत नाही. ‘नेहमीसारखे’ एवढा एक शब्द पुरतो. कारण कारागिराला ते डोके लहानपणापासून ठाऊक असते. भोवरा कुठे आहे, कोणत्या बाजूचे केस उभे राहतात, मिशीला हात लावायचा की नाही, हे त्याच्या हाताला पाठ असते. या सोयीचे मोल कळते ते परदेशी गेल्यावर. माधवनगर असो, सांगली असो वा पुणे, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जपानला जाणाऱ्याला महिना-दीड महिन्यात हा प्रश्न गाठतोच. तेथील कारागिरी उत्तम असते, स्वच्छता वाखाणण्याजोगी असते; अडते ते सांगण्यापाशी. कोणत्या दुकानात जावे, काय सांगावे आणि कोणते गैरसमज टाळावेत, याची माहिती आधी असल्यास पहिली खेप सुखाची होते.

दोन पाट्या, दोन परवाने

आपल्याकडे ‘कटिंग-दाढी’ हा एकच जोडशब्द आहे. जपानच्या कायद्याने मात्र या दोन कामांची वाटणी केली आहे. पुरुषांच्या पारंपरिक केशकर्तनालयाला बोलीत ‘तोकोया’ म्हणतात. दारात लाल, पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्यांचा फिरता खांब दिसला की ते तोकोया समजावे. दुसरा प्रकार ‘बियोइन’ अर्थात ब्युटी सलून. तोकोयाच्या कारागिरांसाठीचा कायदा १९४७ चा, तर बियोइनच्या कारागिरांसाठीचा १९५७ चा. दोघांनाही मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेऊन राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते आणि दोघांचे परवाने वेगळे असतात.

ग्राहकाच्या दृष्टीने यातला कळीचा भेद वस्तऱ्याचा आहे. चेहऱ्यावर वस्तरा फिरवून दाढी करण्याचा अधिकार तोकोयाच्या कारागिराला आहे. बियोइनमध्ये मेकअपच्या अनुषंगाने होणाऱ्या किरकोळ कामापलीकडे तो नाही. त्यामुळे चकचकीत सलूनमध्ये केस कापून झाल्यावर दाढीची अपेक्षा धरणाऱ्याला नम्र नकार ऐकावा लागतो. पुरुषांचे नुसते केस कापण्यावरही बियोइनवर एके काळी औपचारिक बंधन होते. ते २०१५ मध्ये दूर झाले आणि आता तरुण पुरुष सर्रास तेथे जातात.

परदेशी गिऱ्हाइकांवर शिकलेली विद्या

जपानी न्हाव्यांचे आणि परदेशी ग्राहकांचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जपानी पुरुष कपाळावरचा भाग तासून मागे शेंडीसारखी गाठ बांधत. परदेशी व्यापाराला बंदरे खुली झाल्यावर योकोहामा येथे आलेल्या गोऱ्या खलाशांचे व व्यापाऱ्यांचे केस कापता कापता काही स्थानिक कारागीर पाश्चात्त्य पद्धत शिकले. त्यांच्यातून १८६९ मध्ये योकोहामात नव्या धर्तीचे पहिले जपानी केशकर्तनालय सुरू झाल्याचे मानले जाते. पुढे १८७१ मध्ये मेइजी सरकारने गाठ सोडून केस कापण्याची मुभा देणारा हुकूम काढला आणि आखूड केस ही नव्या युगाची खूण ठरली.

योकोहामाच्या यामाशिता उद्यानात या केशकर्तनाच्या आरंभाचे स्मारक आहे. त्याच उद्यानात भारतीयांनी उभारलेला एक घुमटाकार पाणपोईचा मंडपही आहे. १९२३ च्या महाभूकंपानंतर शहराने केलेल्या मदतीची कृतज्ञता म्हणून तेथील भारतीय व्यापाऱ्यांनी तो बांधून दिला. आजचे भारतीय मुख्यत्वे संगणक क्षेत्रातले आहेत. इसवी सन २००० च्या सुमारास अभियंत्यांची मागणी वाढली आणि टोकियोतील एदोगावा प्रभागाचा निशी-कासाई हा भाग भारतीयांची वसाहत म्हणून ओळखला जाऊ लागला. याच प्रभागाच्या सभागृहावर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले.

दर, वेळ आणि सुटी

घाईतल्या माणसासाठी रेल्वे स्थानकांच्या परिसरात ‘हजार येनवाली’ दुकाने असतात. १९९६ मध्ये टोकियोत पहिले दुकान उघडणाऱ्या ‘क्यूबी हाऊस’ने ही पद्धत लोकप्रिय केली. दहा मिनिटांत केस कापून देणे, एवढेच तेथे होते. दारातल्या यंत्रात पैसे भरून तिकीट घ्यायचे आणि रांगेत बसायचे. शाम्पू नाही, दाढी नाही. मानेवर पडलेले केस छतातून उतरणाऱ्या नळीने शोषून घेतले जातात. बाहेरच्या दिव्याच्या रंगावरून गर्दीचा अंदाज येतो. नाव ‘हजार येन’चे राहिले असले तरी दर वाढत गेले असून २०२३ मध्ये ते १,३५० येनवर पोहोचले. हजार येन म्हणजे ढोबळमानाने पाच-सहाशे रुपये. तेल लावून अशा दुकानात जाणे टाळावे, कारण तेथे केस धुण्याची सोय नसते.

तोकोयात कटिंग, शाम्पू आणि दाढी यांचा एकत्रित दर साधारण चार हजार येनांच्या आसपास असतो. बियोइनमध्ये नुसत्या कटिंगलाही बहुधा तेवढेच किंवा जास्त पडतात आणि आधी वेळ ठरवावी लागते. ऑनलाइन नोंदणीसाठी बहुतेक ठिकाणी स्थानिक दूरध्वनी क्रमांक आणि जपानी लिपीत नाव लागते. नवख्याने दुकानात समक्ष जाऊन वेळ मागणे सोपे. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. दिल्यास कारागीर अवघडतो.

सोमवारी सलून बंद, हे आपल्याकडे अनेक गावांत लहान मुलांनाही ठाऊक असते. योगायोग असा, की टोकियोतील तोकोयाही सर्वसाधारणपणे सोमवारीच बंद असतात आणि बियोइन मंगळवारी. युद्धोत्तर वीजटंचाईच्या दिवसांशी या प्रथेचा संबंध जोडला जातो. स्थानकातली झटपट दुकाने मात्र सहसा आठवडाभर चालू असतात.

खुर्चीवर बसल्यावर

जपानी कारागीर कात्री हाती घेण्यापूर्वी बारकाईने विचारतो. समोर किती, बाजूला किती, कान झाकायचे की मोकळे, हे सारे त्याला आधी हवे असते. ‘तुम्हाला योग्य वाटेल तसे’ हे उत्तर त्याला पेचात टाकते. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्वतःचीच छायाचित्रे. गावी चांगली कटिंग झाल्यावर समोरून, बाजूने आणि मागून काढलेले तीन फोटो मोबाइलमध्ये ठेवले, तर निम्मे संभाषण वाचते.

मशीनचा हिशेबही वेगळा आहे. आपल्याकडे ‘दोन नंबर मारा’ म्हणतात. तेथे मिलिमीटर सांगावे लागतात. एक नंबर म्हणजे साधारण तीन मिलिमीटर आणि दोन नंबर म्हणजे सहा. मशीनला तेथे ‘बारिकान’ म्हणतात. ‘बारिकाँ ए मार’ या फ्रेंच कंपनीच्या नावावरून हा शब्द रूढ झाला.

जपानी केस बहुधा सरळ आणि जाड असतात. ते नीट बसावेत म्हणून दातेरी कात्रीने आतून विरळ करण्याची तेथे सवय आहे. आपल्याकडच्या लाटेदार वा कुरळ्या केसांना हाच उपाय केला, तर ते वाढताना पिंजारलेले दिसतात. म्हणून केस विरळ करायचे नसतील, तर तसे आधीच सांगावे. स्त्रियांनी मेंदी लावली असल्यास रंग वा पर्म करण्यापूर्वी ‘हेना’ असा उल्लेख जरूर करावा. मेंदीवर, विशेषतः रसायनमिश्रित मेंदीवर, हे उपचार वेगळाच परिणाम करू शकतात.

तोकोयातील दाढी हा एक सोहळाच असतो. गरम टॉवेल, दाट फेस आणि मग वस्तरा. तोही केवळ हनुवटीवर नव्हे, तर कपाळ, कानाच्या पाळ्या आणि भुवयांच्या कडांवरही. ज्याला कपाळावरची लव काढायची नसेल वा मिशी राखायची असेल, त्याने आधी हात दाखवून खूण करावी. तोकोयात केस धुताना पुष्कळदा पुढे वाकावे लागते, तर बियोइनमध्ये मागे रेलायचे असते आणि डोळ्यांवर पातळ कापड येते. धुता धुता ‘कुठे खाज येते का’ असा प्रश्न हमखास येतो. तो शिष्टाचार असतो. हसून ‘दाइजोबु’, म्हणजे ‘ठीक आहे’, म्हणावे. शेवटी खांदे थोडे दाबून दिले जातात. आपल्या चंपीची आठवण व्हावी, असा हा क्षण असतो.

मुंडनाचा प्रसंग

खरी अडचण उभी राहते ती घरच्या धार्मिक प्रसंगी. गावी वडील वा आई गेल्याची वार्ता आली आणि लगेच परतणे शक्य नसले, तर क्षौर तेथेच करावे लागते. वस्तऱ्याने गुळगुळीत मुंडन हवे असल्यास तोकोयाचाच रस्ता धरावा. झटपट दुकानात फार तर मशीनने बारीक केस मिळतात. पूर्ण काढलेल्या केसांना तेथे ‘बोझु’ म्हणतात. याच शब्दाचा अर्थ बौद्ध भिक्षू असाही आहे.

मात्र दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जपानमध्ये डोके तासणे हे चुकीच्या प्रायश्चित्ताचेही चिन्ह मानले जाते. २०१३ मध्ये एका लोकप्रिय गायनवृंदातील तरुणीने नियमभंगाची क्षमा मागताना केस काढून टाकल्याचे जगाने पाहिले होते. त्यामुळे दुःखात असलेल्या माणसाला ‘काय चुकले?’ अशा नजरा झेलाव्या लागू शकतात. वरिष्ठांना दोन ओळींचा निरोप आधीच पाठवला, तर त्याच नजरांत सहानुभूती येते. बाळाच्या जावळासाठी एवढी निकड नसते. ते गावी येईपर्यंत थांबू शकते.

दुकानदार ‘नाही’ म्हणाला तर

क्वचित असेही घडते, की परदेशी चेहरा पाहताच दुकानदार दोन्ही हातांची फुली करून नकार देतो. बहुधा त्यामागे भाषेची धास्ती असते. न समजून चूक झाली तर काय, ही भीती त्याला वाटते. दोन शब्द जपानीत बोलले आणि फोटो पुढे केला, तर पुष्कळदा नकार विरघळतो. पण प्रत्येक नकार इतका निरागस नसतो. खासगी दुकानांतील वांशिक भेदभावाला थेट बंदी घालणारा सर्वंकष कायदा जपानमध्ये नाही. तरीही न्यायालयाचे दार बंद नाही. ओतारू शहरातील एका स्नानगृहाने परदेशी दिसणाऱ्यांना प्रवेश नाकारला, तेव्हा साप्पोरो येथील न्यायालयाने २००२ मध्ये तिघा फिर्यादींना प्रत्येकी दहा लाख येन भरपाई देण्याचा आदेश दिला.

अशा नकाराचा संताप येणे स्वाभाविक आहे. पण सातारा-सांगलीच्या वाचकाला तो अपरिचित नसावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. गावात न्हावी पुष्कळ होते आणि घरात पैसेही होते. तरी अस्पृश्य म्हणून कोणी न्हावी त्यांच्या केसांना हात लावत नसे. घरातल्या मुलांचे केस थोरली बहीण कापी, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. स्वतंत्र भारतात राज्यघटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने अशी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. टोकियोत फुली केलेले हात पाहणारा प्रवासी दुसऱ्या दुकानात जाऊ शकतो. साताऱ्यातल्या त्या मुलाला दुसरे दुकान नव्हते.

कामापुरते शब्द

• मिजिकाकु शिते कुदासाई : आखूड करा
• सोरोएरु दाके : फक्त टोके सारखी करा
• सुकानाइदे कुदासाई : विरळ करू नका
• माए, योको, उशिरो, उए : पुढे, बाजूला, मागे, वर
• सान मिरि, रोकु मिरि : तीन मिलिमीटर, सहा मिलिमीटर
• मोमिआगे : कानापुढचे कल्ले
• हिगे वा नोकोशिते कुदासाई : दाढी-मिशी राहू द्या
• काओ-सोरी : चेहऱ्याची वस्तऱ्याने दाढी
• आरिगातो गोझाइमाशिता : आभारी आहे

काम आवडले, तर त्याच दुकानात त्याच कारागिराकडे पुन्हा जावे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो चेहरा ओळखतो, भोवरा कुठे आहे हे त्याला कळलेले असते आणि फोटो दाखवण्याची गरज उरत नाही. ‘नेहमीसारखे’ या अर्थाचा ‘इत्सुमो नो’ हा शब्द जपानीतही आहे.